किरायाच्या घरातला ओटा

भाड्याच्या घरात पहिला खिळा ठोकताना हात थबकतो. भिंत मालकाची असते, पण देवाची तसबीर आणि मुलांची दप्तरं त्याच भिंतीला टांगून संसार मांडायचा असतो. घरमालकाच्या परवानगीचा विषय या खिळ्यापासून सुरू होतो आणि खिडकी, ओटा, टाकी असा वाढत जातो.

जालन्यात मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबं बाजारपेठेतल्या नाहीतर लोखंडाच्या कारखान्यातल्या कामासाठी येतात आणि किरायाच्या दोन खोल्यांत उतरतात. जुन्या माळवदाच्या घरात गारवा असतो, उजेड मात्र बेताचा. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नसली की फोडणीचा ठसका थेट ओसरीपर्यंत लागतो. एप्रिल उजाडला की कूलर हवा होतो. त्यासाठी खिडकीचे दोन गज काढायचे आणि बाहेर लोखंडी स्टँड ठोकायचा. मालकाला गजांची फारशी काळजी नसते. तो घाबरतो कूलरमधून ओघळणाऱ्या पाण्याला. ही धास्ती खोटी नाही. मातीच्या भिंतीत ओल मुरली की गिलाव्याला पोपडे सुटतात आणि दोन पावसाळ्यांत भिंत फुगते.

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम १६ प्रमाणे भाडेकरूला घर सोडावं लागू शकतं. मात्र पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, हेही तिथेच लिहिलं आहे : लाकडी पार्टिशन, दार, जाळी, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं आणि उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घ्यायची. कायद्याच्या रुक्ष पानावर ओट्याला मिळालेली ही जागा फार मोलाची आहे. चुलीपुढे उकिडवं बसून भाकरी थापण्यात ज्यांची कंबर गेली, त्यांचं उभं राहणं ही चैन नाही, हे त्या एका शब्दानं मान्य केलं.

टाकी मात्र या यादीत नाही. घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीचं पाणी असूनही नळाची वाट पाहणाऱ्या शहरात टाकीशिवाय भागत नाही. पण भरलेली ५०० लिटरची टाकी म्हणजे छतावर अर्धा टन ओझं. ती विचारूनच ठेवावी. माळवदावर तर ठेवूच नये.

यादीबाहेरच्या कामाचा वाद न्यायालयात गेला की ते काम मूळ इमारतीला धक्का न लावता काढता येतं का आणि ते करण्यामागचा हेतू काय होता, हे पाहिलं जातं. वेंकटलाल पिट्टी विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये अशाच कसोट्या लावल्या.

गळकं छत हा वेगळा मामला. दुरुस्ती हे मालकाचंच काम आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही ती झाली नाही, तर कलम १४ प्रमाणे भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू ठरत नाही, म्हणून ओट्याची ती सवलत त्याला गृहीत धरता येत नाही. त्याची भिस्त करारातल्या ओळींवर. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कलम ५५ नं सक्तीचं केलं आहे. खिडकीची, ओट्याची गोष्ट त्यातच घालून घेणं उत्तम. "काका, ओटा करून घेऊ का?" आणि "घ्या की" एवढ्यावर कामं होतात, पण काका थकतात, घर मुलाच्या हाती जातं आणि तो होकार कुणालाच आठवत नाही. कागदावर काम कोणतं, खर्च कुणाचा आणि घर सोडताना काय करायचं, एवढं सहीनिशी असलं की पुरे. स्टँड उतरवून नेता येतो, गज परत बसवता येतात, खिळ्यांची भोकं लांबीनं बुजतात. ओट्याचा कडाप्पा बहुधा मागेच राहतो. त्याचे पैसे डिपॉझिटबरोबर मिळणार की नाही, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.