ठमीचे नखचरित्र

मांजर हजारो वर्षे माणसाच्या घरात राहत आले असले, तरी त्याचे शरीर अजूनही झाडावर चढणाऱ्या, दबा धरून बसणाऱ्या आणि एकट्याने आपली हद्द राखणाऱ्या शिकारी प्राण्याचेच आहे, आणि घरातील माणसांना याची पहिली जाणीव होते ती बहुधा त्याच्या नखांमुळे. पाळीव प्राण्याचे चरित्र सांगताना त्याचा जन्म, विणी, आजारपणे आणि मृत्यू यांचा आधार घेण्याची पद्धत आहे. तथापि पुण्यातील एका तीन पिढ्यांच्या घरात पंधरा वर्षे राहिलेल्या ठमी नावाच्या मांजरीचे आयुष्य समजून घ्यायचे, तर त्या घरातील चामड्याच्या सोफ्यावरचे ओरखडे हेच अधिक विश्वासार्ह साधन ठरते, कारण तिचे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य त्यावर वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या तऱ्हेने उमटले होते.

हा सोफा ठमीच्या आधी काही महिने घरात आला होता. आजोबांनी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून हौसेने घेतलेली ती तीन माणसांची तपकिरी बैठक दिवाणखान्याची शोभा मानली जात असे. आजींना मात्र ती कधीच रुचली नाही, कारण मृगाजिनाचा अपवाद सोडला तर चामडे हे त्यांच्या लेखी ओवळेच होते आणि सोवळ्यात असताना त्या सोफ्याला वळसा घालून देवघराकडे जात. कातड्याला दोन अंगे असतात: केसांकडचे अंग, ज्याला व्यवसायात ‘ग्रेन’ म्हणतात, ते दाट तंतूंचे आणि टिकाऊ असते, तर मांसाकडचे अंग सैल आणि केसाळ असते. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावले जाते, म्हणून ते ताठ राहते आणि त्याचा रंगही मुख्यतः कमावणीतूनच येतो. सोफ्याचे चामडे मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, ज्यामुळे ते मऊ होते, परंतु मुळात निळसर-करडे दिसते. त्यावर रंगाचा थर आणि त्या थरावर संरक्षक पारदर्शक लेप चढवला जातो. म्हणजे गिऱ्हाईक ज्या रंगावर भुलते तो बऱ्याचदा जेमतेम कागदाएवढ्या जाडीचा असतो, आणि रंग आरपार मुरवलेला नसेल तर नखाच्या एका फटक्यासरशी आतील फिकी कांती उघडी पडते. त्या घरातील सोफा नेमका याच जातीचा होता.

ठमी त्या घरात आली ती भर पावसाळ्यात. इमारतीच्या मागे रचलेल्या अडगळीत एका गावठी मांजरीने घातलेल्या पिल्लांपैकी एकटे उरलेले, करड्या अंगावर काळे पट्टे असलेले हे पिल्लू नातीने ओढणीत गुंडाळून वर आणले, आणि आजोबांची परवानगी मिळण्यापूर्वीच आजींनी त्याच्यापुढे दुधाची बशी ठेवली. मांजराच्या पिल्लाला पहिले काही आठवडे नखे पूर्णपणे आत घेता येत नाहीत, त्यामुळे ते कापडात आणि चामड्यात सतत अडकत राहते. शिवाय उडी मारण्याइतके बळ नसल्यामुळे ते वर जाण्यासाठी नखे रोवून चढते. सोफ्याच्या पुढच्या खालच्या भागावर सुईने टोचल्यासारखी जी बारीक छिद्रांची दाटी होती, ती ठमीच्या या चढाईच्या काळातली. असल्या छिद्रांत रंगाचा थर सोलला जात नाही, त्यामुळे ती दुरून दिसत नाहीत, आणि म्हणूनच आजोबांना त्यांचा पत्ता बराच काळ लागला नाही.

वर्षभराची झाल्यावर ठमीच्या नखांचा उद्योग बदलला. आता ती झोपेतून उठली की सोफ्याच्या उजव्या हाताशी जाई, मागच्या पायांवर उभी राही, पुढचे पाय शक्य तितके वर नेऊन नखे रोवी आणि पाठीचा कणा ताणत ती खाली ओढी. या एका कृतीत मांजराची किमान तीन कामे होतात. मांजराच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी सहसा अठरा नखे असतात. प्रत्येक नख बोटाच्या शेवटच्या हाडाला जोडलेले असते, विश्रांतीच्या वेळी लवचीक बंध ते वर ओढून धरतात आणि स्नायू आखडला की ते बाहेर येते. नख थराथराने वाढते, आणि झिजलेला बाहेरचा थर ओरबाडण्याने टरफलासारखा निघून आतील टोकदार नख मोकळे होते; सोफ्याजवळ सापडणारी ही पोकळ टरफले नात काड्यापेटीत साठवीत असे, आणि ठमीची नखे गळून चालली आहेत अशी तिची समजूत पुष्कळ दिवस होती. दुसरे काम खांदे आणि पाठ यांच्या स्नायूंना ताण देण्याचे. तिसरे काम हद्द सांगण्याचे: बोटांच्या मधल्या ग्रंथींतून झिरपणारा वास त्या जागी उमटतो आणि ओरखड्यांची दिसणारी खूण त्या वासाला पूरक ठरते. जी जागा माणसांच्या सर्वाधिक वावराची, तीच मांजराच्या दृष्टीने खूण करण्यास सर्वांत योग्य असते. दिवाणखान्यातील सोफा याच कारणाने बळी पडतो, आणि त्यात कोणाचा सूड किंवा खोडसाळपणा शोधणे व्यर्थ असते.

घराने मात्र प्रथम खोडसाळपणाच शोधला. ठमीला दटावण्यात आले, वर्तमानपत्राची सुरळी आपटण्यात आली, तोंडावर पाण्याचा शिपका मारण्यात आला. यातून ती एवढेच शिकली की आजोबा समोर असताना सोफ्याला हात लावू नये, आणि मग हा कार्यक्रम दुपारी, सगळे झोपल्यावर होऊ लागला. सोफ्यावर जाड सुती चादर टाकली, तर विणलेल्या धाग्यांत नखे चामड्यापेक्षा अधिक चांगली रुततात हे तिच्या ध्यानात आले आणि चादरीसकट चामडे ओरबाडले जाऊ लागले. कडेला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, ती मांजराला नकोशी वाटली हे खरे, पण महिन्याभराने काढताना तिच्याबरोबर रंगाचा थरही निघून आला. ओरखडे लपवण्यासाठी बुटाचे पॉलिश चोळले, ते पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरले. खोबरेल तेल लावले, तर त्याने उघडे पडलेले तंतू काळवंडले, धूळ चिकटली, पावसाळ्यात बुरशी धरली, आणि पुढे खरा रंग बसण्याची वेळ आली तेव्हा याच तेलाने तो धरू दिला नाही.

एका टप्प्यावर आजोबांनी ठमीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे असा जुना उपाय सुचवला. मांजराच्या जिवाला अपाय झाला तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते हा लोकसमज आजींनी त्यांच्यापुढे मांडला, आणि एका सोफ्यापायी एवढे सोने कोण देणार, या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे तो विषय मागे पडला. अमेरिकेत राहणाऱ्या आत्याने फोनवर दुसरा मार्ग सांगितला: तिकडे अनेक जण शस्त्रक्रियेने मांजराची नखेच काढून टाकतात. या शस्त्रक्रियेचे स्वरूप नावावरून वाटते त्याहून फार गंभीर आहे, कारण नख हाडातूनच वाढत असल्यामुळे ते पुन्हा येऊ नये यासाठी प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड सांध्यापासून छाटावे लागते. परिणामी पंजा दुखत राहणे, चाल बदलणे आणि नखांऐवजी दातांचा वापर वाढणे असे त्रास उद्भवू शकतात. युरोपीय परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात अशी शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवलेली आहे, आणि पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानेही तिच्यावर कायद्याने बंदी घातली. ठमीच्या पशुवैद्यांनी हा विचार ऐकताक्षणी नाकारला आणि मांजर कोठे, कसे आणि केव्हा ओरबाडते याचे आठवडाभर निरीक्षण करून या, असे सांगितले.

त्या निरीक्षणातूनच उपाय निघाला. सोफ्याच्या हातावरचे लांब, समांतर, उभे ओरखडे हे खूण करण्याचे होते, तर पाठीच्या वरच्या कडेवरचे आखूड आणि खोल ओरखडे खिडकीकडे झेप घेताना मागच्या पायांनी दिलेल्या रेट्याचे होते; दोहोंची कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळा. झेपेसाठी खिडकीखाली एक स्टूल ठेवताच पाठीची कड सुटली. खूण करण्यासाठी आधी बाजारातून एक ठेंगणा खांब आणला, परंतु तो तिच्या ताणलेल्या अंगापेक्षा बुटका होता आणि जोर लावताच डुगडुगे, म्हणून ठमीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग सुताराकडून जड पाटावर बसवलेला, माणसाच्या कमरेएवढा लाकडी खांब करून घेतला, त्यावर काथ्याचे सुंभ खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळले, आणि तो घराच्या कोपऱ्यात न ढकलता सोफ्याच्या उजव्या हाताला अगदी खेटून उभा केला. चामड्यात नख घसरते, सुंभात ते रुतते आणि तंतू तुटल्याचा प्रतिसादही मिळतो. काही दिवसांतच ठमीने खांब पसंत केला. तो रोज थोडा थोडा सरकवत दाराजवळच्या जागी नेण्यास दोन-अडीच महिने लागले, कारण एकदम हलवल्यास मांजर खांबाऐवजी जुन्या जागेशी इमान राखते.

याच काळात सूनबाईंनी नखे कापण्याची कला साध्य केली. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येते. उजेडात धरल्यास त्याच्या मुळाशी गुलाबी गाभा दिसतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि तो वगळून केवळ पारदर्शक टोक कापावयाचे असते. ठमी हे काम पोट भरल्यावर, पेंगत असताना आणि एका बैठकीत दोन-तीन नखांपुरतेच करू देई.

सोफ्याची दुरुस्ती जाणीवपूर्वक शेवटी ठेवली गेली, कारण सवय हलण्यापूर्वी केलेला खर्च वाया जातो. आलेल्या कारागिराने आधी तेल आणि पॉलिश यांचा सगळा लेप उतरवला, यातच त्याचा निम्मा दिवस गेला. मग वर आलेले तंतू बारीक कात्रीने कापले, अतिशय मऊ पॉलिश कागदाने कडा बसवल्या, सैल तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून पातळ चिकट द्रव मुरवला, खोल चिरांत लवचीक लांबी पातळ थरांनी भरली, आणि एके ठिकाणी चामडे आरपार फाटले होते तेथे आतून कापडाचे ठिगळ सरकवले. त्यानंतर जुन्या रंगाशी जुळवलेला रंग स्पंजाने टिपून अनेक हलके हात दिले आणि शेवटी संरक्षक लेप चढवला. नवा भाग नीट पाहिल्यास ओळखू येई, परंतु त्यावर ठमीने पुन्हा नख लावले नाही.

बऱ्याच वर्षांनी सोफ्यावर तिसऱ्या प्रकारचे ओरखडे दिसू लागले. ते बैठकीच्या पुढच्या काठावर होते, वरून खाली घसरत गेलेले, आखूड आणि विस्कळीत. घरात कोणी आवाज चढवला नाही. हे ओरखडे खुणेचे नसून उडी अपुरी पडल्यावर लोंबकळत स्वतःला वर ओढण्याचे आहेत, हे प्रथम आजोबांच्याच लक्षात आले. पशुवैद्यांनी तपासून सांध्यांचा विकार सांगितला. म्हातारे मांजर ओरबाडणे कमी करते, त्यामुळे जुने थर निघत नाहीत, नखे जाड होतात आणि प्रसंगी वळून पंजाच्या गादीत घुसतात. म्हणून आता ती अधिक वेळा कापली जाऊ लागली, उभ्या खांबाजवळ जमिनीवर गोणपाट अंथरले गेले, आणि सोफ्यापुढे पायरी म्हणून जेवणाचा जुना पाट आला. ज्या बैठकीवर तिला वर्षानुवर्षे मज्जाव होता, तिच्यावर चढण्यासाठी तिची सोय आजोबांनी स्वतः करून दिली. पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने ठमी पंधराव्या वर्षी गेली, आणि त्याआधीची दोन वर्षे तिने बहुतांशी त्या सोफ्यावरच काढली.

ठमीच्या चरित्रातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. ओरखडा बुजवण्यापूर्वी तो वाचावा: त्याची जागा, उंची, दिशा आणि खोली यांवरून मांजर चढत होते, खूण करत होते, झेप घेत होते की दुखऱ्या सांध्यांनी धडपडत होते, हे कळते. ज्या घरात मांजर आणि चामड्याचा सोफा एकत्र नांदायचे आहेत, तेथे मांजराच्या अंगापेक्षा उंच, न हलणारा, सुंभाचा खांब सोफा येण्याआधी उभा करावा, नखे वेळच्या वेळी कापावीत, तेल-पॉलिशचे घरगुती प्रयोग टाळावेत, आणि कारागिराला सर्वांत शेवटी बोलवावे.