जुडी परत देणारा हात

भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना सिनसिनाटीला, ओहायो नदीकाठच्या बागेत नेतो. तिथे सिनसिनाटस या रोमन पुढाऱ्याचा पुतळा आहे. एक हात नांगरावर; दुसऱ्या हाताने तो कुऱ्हाड बांधलेली काठ्यांची जुडी परत देतोय. ती जुडी म्हणजे रोममधल्या सत्तेची खूण.

गोष्ट इ.स.पू. ४५८ची. रोमन सैन्य वेढ्यात सापडलं, तेव्हा शेतावरच्या सिनसिनाटसला बोलावून सर्वाधिकारी नेमलं. मुदत सहा महिन्यांची. त्याने वेढा फोडला आणि सोळाव्या दिवशी पद सोडलं. लिव्हीने हे लिहिलं ते चारशेहून अधिक वर्षांनी, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. शिवाय हा काही संत नव्हता. सामान्य जनतेच्या मागण्यांना त्याचा कडवा विरोध असे. पण खुर्ची सोडणं त्याला जमलं. पुढे इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला आणि प्रजासत्ताक काही सावरलं नाही.

अमेरिकेने सिनसिनाटस पाहिला तो वॉशिंग्टनमध्ये. १७८३ मध्ये त्याने सेनापतिपद सोडलं आणि १७९७ मध्ये, दोन कारकिर्दींनंतर, अध्यक्षपदही. हा पायंडा १९४० पर्यंत टिकला. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा कुठे १९५१ मध्ये दोनदाच निवडून येण्याची मर्यादा राज्यघटनेत लिहावी लागली. रीत मोडली की कायदा करावा लागतो; रोमला तेवढी उसंत मिळाली नाही.

हे सगळं मी पाहुण्यांना रंगवून सांगतो. गेल्या उन्हाळ्यात भाचीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तू मंडळाचा अध्यक्ष किती वर्षं आहेस रे?"

नऊ. दर वर्षी म्हणतो, "यंदा शेवटचं, पण पुढे कोणी येतच नाही." खरं तर दिवाळीच्या वेळी एक मुलगी हॉलचं काम मागत होती. मीच म्हणालो, "राहू दे, तो हॉलवाला मलाच ओळखतो."

पुतळ्याकडे पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं मी नांगराचंच कौतुक करत होतो. जुडी घेऊन पुढे केलेला तो हात माझ्या लक्षातच आला नव्हता. घेणारा पुढे यायला देणाऱ्याने आधी हात पुढे करायला हवा.

घरी आल्यावर त्या मुलीला फोन केला. हॉलवाल्याचा नंबर दिला आणि हिशेबाची वही न्यायला बोलावलं. वही देताना हात जरा रेंगाळला, हेही कबूल करतो.