रेवाडीची एंजिनशेड

दिल्लीच्या नैर्ऋत्येस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर रेवाडी लागते. इतिहासाच्या पुस्तकांत हे हेमूचे गाव. आम्ही मात्र तेथे गेलो ते १८९३ साली बांधलेली वाफेच्या एंजिनांची शेड पाहावयास. वाफेचे युग सरल्यावर या शेडीचेच संग्रहालय करण्यात आले.

इंदूरच्या माणसाने एंजिने पाहण्यास इतक्या दूर का जावे, असे वाचकांस वाटेल. उत्तर रुळांच्या मापात आहे. १८७३ साली दिल्ली-रेवाडी हा एक मीटर रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातील मीटरगेजचा तो आरंभ. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले म्हणून खांडव्याहून १८७८ साली आपल्या इंदुरास जी गाडी आली, तीही याच मापाची. पुढे हे दोन्ही मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत एकत्र नांदले. तेव्हा हे चुलत घराणेच म्हणावयाचे.

शेडीतील एका भल्या दांडग्या एंजिनाचे नाव ‘अकबर’. ज्याच्या सैन्याने १५५६ साली पानिपतावर हेमूचा पाडाव केला, त्याचेच नाव हेमूच्या गावी! बारसे करणाऱ्याच्या हे ध्यानी आले होते की नाही, कोण जाणे. १९४७ साली अमेरिकेत घडलेल्या दुसऱ्या एंजिनाचे ‘आझाद’ हे नाव मात्र समर्पक.

आम्ही अधिक रेंगाळलो ते मीटरगेजच्या ‘रेवाडी किंग’पाशी. वाफेचे एंजिन कळ दाबून चालू होत नाही. भट्टी पेटवावी, बॉयलरातील पाणी तापू द्यावे, आणि दाब चढेपर्यंत काही तास धीर धरावा. भट्टीत कोळसा कोठे किती पसरावा, हे फायरमनच्या हातालाच ठाऊक. पितळेचे सामान कपाटात जपता येते, हाताचे ज्ञान तसे राहत नाही. येथील काही एंजिने चालती ठेवली आहेत, ही गोष्ट आम्हांस साऱ्या मांडणीहून मोलाची वाटली.

आपल्याकडील महू-ओंकारेश्वर मीटरगेज २०२३ साली बंद झाला. पाताळपाणी-कालाकुंड घाटात २०१८ साली वारसागाडी सुरू झाली खरी, पण ती डिझेलवर. महूस वाफेवर काम केलेले फायरमन आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे आजोबा असतील, तर त्यांच्यापाशी एक वही घेऊन बसावे.