एकादशी, व्हाया लंडन

आमच्या ग्रुपमध्ये कुणाला नावं नाहीत, गावं आहेत. कोथरूड, मालाड, नाशिक आणि मी, बीड. शेफिल्डला एम.एस्सी.साठी आलो त्या पहिल्याच आठवड्यात ही नावं पडली आणि वर्षभर चिकटली. खरं तर मी बीड शहराचा नाहीच. नारायणगडाच्या पायथ्याकडच्या एका वस्तीचा. पण 'नारायणगड' म्हटलं की समोरचा हमखास 'नारायणगाव?' असं विचारतो आणि मग गाडी द्राक्षांवर आणि तमाशावर जाते. त्यापेक्षा बीड बरं. २०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटलांचा मेळावा गडावर झाला, तेव्हा नाशिकने बातमीची लिंक पाठवली होती, 'भावा, तुझं गाव फेमस झालं!' त्यानंतर निदान गड तरी सगळ्यांना ठाऊक झाला.

तर हा दिवस रविवारचा. ६ जुलै २०२५. लंडन बघायचं, एका दिवसात, कमीत कमी पैशांत. रात्रीच्या बसने निघायचं, सकाळी व्हिक्टोरियाला उतरायचं, रात्रीच्या बसने परत. हॉटेलचा खर्च शून्य. झोपही शून्य, पण ती फुकट असते म्हणून तिचा हिशेब कुणी करत नाही.

योगायोग असा, की त्या दिवशी आषाढी एकादशी होती. आमच्याकडे गडाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठणं होत नाही ते नगद नारायण महाराजांच्या गडावर येतात. लहानपणी माझी आषाढी म्हणजे आज्जीचं बोट, चिखल, शेंगदाण्याचा लाडू आणि माणसंच माणसं. सकाळी नऊला आम्ही वेस्टमिन्स्टर ब्रिजवर पोचलो आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचा दीड. मागे टाळांचा आवाज, स्क्रीनवर निम्मं कपाळ आणि निम्मं आभाळ.

"कुठं हाईस रे?"

मी फोन फिरवला. बिग बेन दाखवलं. (टॉवरचं खरं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर, बिग बेन ही आतली घंटा. ही माहिती मालाडने त्या दिवशी किमान चार वेळा दिली.)

"एका घड्याळासाठी एवढी माडी?" आई म्हणाली. "उपास धरलास ना?"

"धरला."

हातात चीज सँडविच होतं. ते फ्रेमच्या बाहेर धरायला कोथरूडने मदत केली. आईने तिघांनाही 'जेवलाव का लेकराहो' असं विचारलं, मग 'अगं बाई, तुमची बी एकादशी असंल' म्हणून जीभ चावली. फोन ठेवताना म्हणाली, "सांजच्याला आप्पा फोन करतेत तुला. काम हाय." काम काय ते सांगितलं नाही. आमच्या घरात 'काम हाय' हे वाक्य चांगल्या बातमीआधी येत नाही.

सँडविच मी पिशवीत टाकलं. दुपारी कोथरूडने निकाल दिला की बटाटा उपासाला चालतो, म्हणजे फ्रेंच फ्राइज चालतात. तेल कुठलं, ते आपण विचारायचं नाही. चौघांनी एकादशी केली.

सकाळचं बाकी लंडन सांगत बसत नाही. तुम्ही ते सिनेमात बघितलेलं असतं आणि ते तसंच आहे. टॉवर ब्रिजवर फोटो काढले, बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळवायला पळापळ केली. बसचं भाडं १ पौंड ७५ पेन्स, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तेवढ्यातच. आम्ही घड्याळ लावून बस बदलत होतो. ग्रिनिचला वेधशाळेचं तिकीट परवडेना, पण खाली भिंतीजवळच्या वाटेवर तीच शून्य रेखांशाची रेघ फुकटात बघायला मिळते. १८८४ मध्ये जगाने ही रेघ मान्य केली आणि आपलं घड्याळ तिच्यापासून साडेपाच तास पुढे पडलं. उन्हाळ्यात साडेचार. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून चौघांनी फोटो काढले. मी मनात आप्पांच्या फोनची वेळ मोजत होतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोर्स सप्टेंबरमध्ये संपणार होता. पुढे दोन वर्षं नोकरी शोधायला तेव्हा ग्रॅज्युएट व्हिसा मिळायचा. अर्जाचे तेव्हा ८८० पौंड होते आणि आरोग्य सरचार्ज वर्षाला १०३५ प्रमाणे दोन वर्षांचा २०७०. एकूण २९५०. त्या वेळच्या भावाने जवळजवळ साडेतीन लाख रुपये, आणि तेही एकरकमी. वेअरहाऊसमध्ये आठवड्याला वीस तास खोकी उचलून साठवलेलं सगळं धरलं तरी मला सव्वा लाख कमी पडत होते. हे मी फक्त दादाला बोललो होतो, सहज, रागाच्या भरात. व्हिसा मी पुढे काढला.

ग्रिनिचहून थेम्सच्या खालून चालत पलीकडे जाता येतं. १९०२ सालचा बोगदा आहे, पांढऱ्या टाइल्सचा, डोक्यावर अख्खी नदी. नाशिकने आत शिरल्याबरोबर 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं, आवाज असा घुमला की समोरून येणारी एक आजी हसायलाच लागली. पलीकडे डी.एल.आर.ची गाडी. तिला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे सगळ्यात पुढे बसून आपणच चालवतोय असं वाटतं. कॅनरी वॉर्फला उतरलो. बँकांच्या काचेच्या इमारती. त्यातली एक पन्नास मजली. मालाडला तिथे नोकरी हवी होती, म्हणून तिने तिच्यासमोर स्वतंत्र फोटोसेशन केलं. पाऊस भुरभुरायला लागला, पाय मोडले होते, आणि समोर एक फुकट म्युझियम होतं. आम्ही आत गेलो ते खरं म्हणजे टॉयलेटसाठी.

लंडन म्युझियम डॉकलँड्स. इमारत १८०२ सालचं गोदाम. गोदाम कशाचं, तर साखरेचं. वेस्ट इंडिजमधून जहाजं यायची, साखर, रम, कॉफी इथे उतरायची. चोऱ्या होऊ नयेत म्हणून गोदीभोवती उंच भिंत. आत २००७ पासून एक दालनच आहे, लंडन, साखर आणि गुलामगिरी या विषयावर. सुरुवातीलाच जहाजांची यादी. जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव आणि किती माणसं नेली तो आकडा. माणसांना नावं नाहीत, आकडा आहे.

कोथरूडला पाट्या मोठ्याने वाचायची सवय. ती वाचत होती, मी ऐकत होतो. ब्रिटनने १८३३ मध्ये कायदा करून गुलामगिरी बंद केली, तेव्हा २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना नाही, मालकांना! त्यासाठी काढलेलं कर्ज सरकारने अगदी २०१५ मध्ये पूर्ण फेडलं, हे मला आधी कुठेतरी वाचून माहीत होतं. आणि मळ्यांवर मजूर कमी पडले तेव्हा १८३४ पासून आपली माणसं गेली, करारावर, गिरमिटिया म्हणून. मुंबई इलाख्यातूनही गेली. मॉरिशसमध्ये आज मराठी घरं दिसतात ती त्यांचीच.

पुढे एक चित्र होतं. ऊस तोडणारी माणसं, रांगेने. कोथरूड थांबली. "बाप रे, बायकासुद्धा ऊस तोडायच्या?"

"आजही तोडतात," मी म्हणालो. आणि मग थांबता आलं नाही. "माझी आई तोडते."

वर्षभर मी या तिघांना 'वडील शेती करतात' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं. दोन एकर कोरडवाहू आहे. पण दिवाळी झाली की घराला कुलूप आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखाना, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. मी आज्जीजवळ राहून शिकलो. पोरांना वाटतं ऊसतोड म्हणजे कुठेतरी डॉक्युमेंटरीत असते. शेफिल्डच्या किचनमध्ये चहात दोन चमचे साखर घालताना हे कसं काढणार?

नाशिकने विचारलं, "म्हणजे कसं असतं ते?" त्याच्या मामाचाच ऊस आहे, तरी त्याला माहीत नव्हतं. तिथल्याच बाकावर बसून सांगितलं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा असेल तर अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम येतो, उचल देतो, ती हंगामभर तोडून फेडायची. खाडा झाला की पैसे कापतात. राहायला कोपी. नवरा तोडतो, बायको तोडते, वाढे काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. ट्रक रात्री दोनलाही येतो.

मालाड हळूच म्हणाली, "म्हणजे हेच की, चित्रातलं."

"हेच नाही," मी जरा जोरात म्हणालो. तिथला गार्ड बघायला लागला. मला ते आवडलं नाही. माझ्या आईला कुणी विकत घेतलेलं नाही. ती मुकादमाशी भांडते, भाव वाढवून घेते, संपात बसलेली आहे, एकादशीला गड चढते. तिला त्या यादीतला आकडा करून टाकणं मला सहन होईना. पण मग उचल अंगावर राहिली तर पुढच्या वर्षी 'नको' म्हणता येतं का, असं नाशिकने विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

शेफिल्डला निघताना मी आईकडून कबूल करून घेतलं होतं. हा शेवटचा हंगाम. मार्चमध्ये परत आल्यावर तिने कोयते माळ्यावर टाकल्याचा फोटो दादाकडून पाठवला होता. तो मी जपून ठेवलाय.

पाचला म्युझियम बंद झालं. बाहेर गोदीच्या पाण्यात बँका उलट्या दिसत होत्या. फोन वाजला. तिकडे साडेनऊ.

"आप्पा, बोला."

"भारी हाय म्हणं लंडन. तुझी आई समद्या गडाला सांगत हिंडली."

"काम काय होतं आप्पा?"

"काय नाय. मुकादम आलता काल."

मी गप्प.

"घेतली उचल."

"किती?"

"सव्वा लाख. दादा उद्या टाकतो तुझ्या खात्यात. आता त्याच्यावर बोलायचं न्हाई. एक हंगाम, लई झालं."

"आईला द्या फोन."

"झोपली. गड चढून गुडघे दुखायलेत तिचे."

मी परत करा म्हणालो, भांडलो, नोकरी न करता परत येतो म्हणालो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बस किती वाजताची तुमची?"

फोन ठेवला तेव्हा तिघं थोडं लांब, पावसात उभे होते. या वेळी 'काय म्हणाले?' ला 'काही नाही' असं उत्तर दिलं नाही. सगळं सांगितलं, व्हिसाच्या पैशांसकट. मालाड म्हणाली आपण काढू ना वर्गणी, मी नको म्हणालो, ती चिडली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग स्टेशनकडे चालताना नाशिकने विचारलं, "मोळी किती किलोची असते रे?"

मला सांगता येईना. मी कधी उचललीच नव्हती.