सिग्नल गेला म्हणजे काय गेलं?

हातातल्या जीपीएसचं खरं काम शिवारात असतं. मातीचा नमुना कुठून उचलला, निरीक्षण विहीर नेमकी कुठे आहे, पाझर तलावाचा सांडवा कुठवर येतो, जिंतूरच्या डोंगरात वनखात्याची हद्द कुठे वळते, असल्या कामांसाठी हे मुठीत मावणारं यंत्र परभणी जिल्ह्यात पिशवीतून फिरत असतं. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना, असं जाळं ठरलं आणि प्रत्येक नमुन्याला अक्षांश-रेखांश जोडायचे ठरले. असल्या कामात दुपारी कधीतरी धुऱ्यावरून आवाज येतोच, ‘सिग्नल गेला!’ पुढचा क्रमही ठरलेला. यंत्र बंद करून चालू करायचं, सेल काढून पुसून घालायचे, तरी नाही आलं तर सगळं रीसेट मारायचं. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. सिग्नल अचानक जात नाही. जाण्याआधी तो पडद्यावर आपली हकिगत मांडत असतो. ती वाचणं हीच निम्मी दुरुस्ती, आणि रीसेट नेमकी तीच हकिगत पुसतं.

मुळात तिथे जाण्यासारखं फारसं काही नसतंच, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, त्याची ताकद घरातल्या दिव्याच्या बेताची, आणि ती अर्ध्या पृथ्वीवर पसरलेली. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरची ही लहर हातापर्यंत पोचते तेव्हा यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असते. रिसीव्हर ती ओळखतो ती केवळ आधीच माहीत असलेल्या सांकेतिक ठेक्यामुळे. १,०२३ ठोक्यांचा हा ठेका सेकंदाला हजार वेळा पुन्हा येतो. परभणीच्या उरुसाच्या गर्दीत आपल्या पोराची हाक कानाला लागते, ती मोठी असते म्हणून नव्हे, ओळखीची असते म्हणून. शिवाय प्रत्येक उपग्रह दोन प्रकारची माहिती सांगत असतो. एक म्हणजे सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग, जे पुरतं ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. दुसरं म्हणजे स्वतःच्या कक्षेचं ताजं टिपण. ते ऐकायला अर्धा मिनिट लागतो आणि ते साधारण चार तास चालतं. पंचांगावरून यंत्राला कळतं की आत्ता कोणाला शोधायचं. टिपणावरून कळतं की तो नेमका कुठे आहे. ‘सिग्नल गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा लहर गेलेली असेल, पंचांग गेलेलं असेल किंवा टिपण अर्धवट राहिलेलं असेल. तिन्ही वेळी पडद्यावरची ओळ एकच, दुखणं मात्र वेगळं.

ते वेगळेपण उपग्रहांच्या पानावर दिसतं. खाली उभ्या पट्ट्यांची ओळ, वर आकाशाचं वर्तुळ. जुन्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पोकळ पट्टी म्हणजे उपग्रह सापडलाय, टिपण उतरवून घेणं चालू आहे. भरीव पट्टी म्हणजे तो हिशेबात घेतला. आता समजा, पट्ट्या उगवतात, पोकळच राहतात आणि मावळतात. यंत्र बिघडलेलं नाही. त्याला सलग अर्धा मिनिट कोणी निवांत ऐकू देत नाही. धरणारा चालतोय, किंवा दर चार पावलांवर लिंबाच्या झाडाखाली जातोय. इथे उपाय म्हणजे मोकळ्यावर उभं राहणं, बस्स. पट्ट्या भरीव आणि उंच आहेत, पण बिंदू मात्र पाच मीटर इकडे, बारा मीटर तिकडे उड्या मारतोय, तर शेजारी पत्र्याचं शेड किंवा मोटारीची खोली शोधावी. लहर थेट येतेय आणि पत्र्यावर आपटूनही येतेय. मोकळ्या माळावर, भर आकाशाखाली एकही पट्टी उगवत नाही, तेव्हा मात्र गोष्ट यंत्रापाशी येते. त्यातही पहिली शंका फार क्षुल्लक असते. कोणीतरी मेनूत जाऊन ‘डेमो’ किंवा घरात वापरायची अवस्था लावून ठेवलेली असते, आणि त्या अवस्थेत यंत्र आकाशाकडे कानच देत नाही. दुसरी शंका धरण्याच्या पद्धतीची. जुन्या ईट्रेक्स यंत्राचा अँटेना चपटा, तो आकाशाकडे तोंड करून आडवा धरायचा. जीपीएसमॅप ६० किंवा ६२ ला वर जाडसर शेंडी असते, आत पिळाचा अँटेना, ते उभं धरायचं. एकावर हात बसलेला माणूस दुसरं यंत्र हातात घेतो आणि दोन उपग्रह फुकट घालवतो. अंगाचाही आडोसा होतो. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ही लहर पाण्याला फार लवकर हार जाते.

पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात हटकून कानावर येणारी तक्रार म्हणजे आभाळ भरून आलं की जीपीएस बंद पडतो. बोलणारे खोटं बोलत नसतात. त्यांचं निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं. १९ सेंटिमीटर लांबीच्या या लहरीला ढग आणि पाऊस अडवत नाहीत म्हटलं तरी चालेल. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा पाथरी-मानवतचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, त्याचं प्रत्येक पान ओलं असतं, आणि यंत्र पावसापासून जपायला रेनकोटच्या आतल्या खिशात टाकलेलं असतं. सिग्नल जातो तो यात. यंत्र बाहेर काढून ऊस संपतो तिथल्या धुऱ्यावर उभं राहिलं की भरल्या आभाळाखालीही पट्ट्या उगवतात. डोक्यावरच्या विजेच्या तारांवरचा आरोपही बहुतेक वेळा असाच. पन्नास हर्ट्झचा प्रवाह या लहरीच्या वाटेत येत नाही. त्यापेक्षा मोटारसायकलच्या हँडलवर लावलेल्या स्वस्त मोबाइल चार्जरवर संशय घ्यावा. त्यातल्या खरखरीने बसल्या जागी आकाश झाकलं जाऊ शकतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जीपीएस बंद पडला होता, आणि शोध घेतल्यावर हाती लागले ते बोटींवरच्या टीव्ही अँटेनांचे बिघडलेले अँप्लिफायर. चार्जर काढायचा, गाडीपासून वीस पावलं लांब जायचं, आणि पट्ट्या बघायच्या. एवढ्याने निकाल लागतो.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. झाड किंवा टेकडी कोणत्या दिशेला आहे, याला परभणीत फार महत्त्व आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, म्हणजे ५५ अक्षांशाच्या उत्तरेला कोणताही उपग्रह डोक्यावर येत नाही. परभणी साधारण १९ अंशांवर. हिशेब केला तर इथून बरोबर उत्तरेला पाहिल्यास क्षितिजापासून जवळपास ४४ अंश उंचीपर्यंत जीपीएसचा एकही उपग्रह कधीच नसतो. दक्षिणेला मात्र ते क्षितिजाला टेकेपर्यंत दिसतात. जीपीएसला दुरुस्ती पुरवणाऱ्या ‘गगन’ या भारतीय यंत्रणेचे उपग्रह भूस्थिर, विषुववृत्तावरचे, म्हणजे तेही दक्षिणेलाच. तेव्हा टेकडीच्या दक्षिण उतारावर, टेकडी पाठीशी घेऊन उभं राहिलं तर फारसं बिघडत नाही. उत्तर उतारावर उभं राहिलं तर त्याच टेकडीने अर्धं कामाचं आकाश खाल्लेलं असतं. विहिरीचा बिंदू घ्यायचा आणि कडेला मोठा वड आहे, तर वडाच्या दक्षिणेला उभं राहावं. ‘कालच इथे सिग्नल होता, आज अचानक गेला’ या तक्रारीमागे कैकदा एवढंच असतं की काल माणूस झाडाच्या त्या बाजूला होता.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो: हे सगळं ठीक, पण आकाशही बिघडतं की. बिघडतं, यात वाद नाही. आपल्या देशात चुंबकीय विषुववृत्त पार दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये थुंब्याहून अग्निबाण सोडायला सुरुवात झाली ती त्यामुळेच. तिथून उसळलेला विद्युतभारित वायूचा थर भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यावर जाऊन दाटतो आणि परभणी या दोहोंच्या मध्ये सापडते. सूर्य तापलेला असतो त्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर या थरात बुडबुडे उठतात आणि पट्ट्या दिव्यासारख्या फडफडतात. पण या दुखण्याची चाल ठरलेली आहे. ते दिवस मावळल्यावर सुरू होतं, मध्यरात्रीच्या आसपास निवळतं, आकाशाच्या एखाद्या भागातलेच उपग्रह घेतं आणि शेजारच्या गावातल्या यंत्रालाही सोडत नाही. सकाळी अकराला गंगाखेडच्या शिवारात एकाच यंत्राचा सिग्नल गेला तर त्याचं खापर सूर्यावर फोडता येत नाही. अपवाद आहेत. ६ डिसेंबर २००६ रोजी सूर्यावरून रेडिओ लहरींचा असा लोट आला की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे रिसीव्हर काही मिनिटं बहिरे झाले. भारतात तेव्हा रात्र होती. जुलै २०१९ मध्ये युरोपची गॅलिलिओ यंत्रणा जवळजवळ आठवडाभर कोलमडली होती. पण अशा बातम्या जगभर होतात. म्हणून पिशवीत दुसरं, साधंसुधं यंत्र असणं पान्यापेक्षा उपयोगी. दोन्ही एकाच ठिकाणी गप्प, तर दोष जागेत किंवा वेळेत. एकच गप्प, तर यंत्रात. जागा बदलली, तासाभराने परत पाहिलं की उरलेलाही गुंता सुटतो.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: रीसेट मारलं की चालू होतं ना, मग वाचत कशाला बसायचं? कधीकधी होतंही. उपग्रह आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत सांगतात, त्यामुळे १,०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण १९ वर्षं ७ महिन्यांनी, गणती पुन्हा शून्यावर येते. तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि ७ एप्रिल २०१९ रोजी झालं. पुढची पाळी २०३८ च्या नोव्हेंबरात. जुन्या यंत्रातली आज्ञावली हा उंबरठा कधी कधी भलत्याच दिवशी ओलांडते. मग त्याची तारीख वीसेक वर्षं मागे जाते आणि पंचांगाचा हिशेब चुकून ते नसलेल्या उपग्रहांना हाका मारत बसतं. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचंही तेच, त्याचं पंचांग शिळं झालेलं असतं. इथे जुनं पुसून नव्याने ऐकणं रास्त आहे. पण आधी तारखेचं पान बघायला दहा सेकंद लागतात. ती वीस वर्षं मागची दिसली तर दुखणं सापडलंच, आणि रीसेटने ती सुधारेलच असं नाही, कारण चूक आज्ञावलीत आहे. उलट, चांगलं पंचांग असलेल्या यंत्राला झाडाखाली उभं राहून रीसेट मारलं तर होतं-नव्हतं तेही जातं, जतन केलेले बिंदूही जाऊ शकतात, आणि साडेबारा मिनिटांचं ऐकणं नव्याने सुरू करावं लागतं तेही त्याच ओल्या पानांखाली. पाच मिनिटांत कंटाळून माणूस पुन्हा रीसेट मारतो. यंत्र मेलं, असा शिक्का इथेच बसतो.

मोबाइल असताना हे झेंगट कशाला, असंही विचारलं जातं. ई-पीक पाहणी मोबाइलवरच चालते, हे खरं. मोबाइल भरभर जागा सांगतो कारण त्याला पंचांग आणि टिपण टॉवरवरून आयतं मिळतं. येलदरीच्या पलीकडे डोंगरात रेंज गेली की तोही आकाशाकडूनच अक्षरं गोळा करतो, फक्त ते गोळा करणं दाखवत नाही. निळा ठिपका दाखवतो आणि त्याभोवतीचं वर्तुळ किती मोठं झालंय याकडे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या लेखी हा त्याचा मोठा दोष आहे. गप्प बसलेलं यंत्र निदान प्रामाणिक असतं. धोका आहे तो उपग्रह हातचे निसटत असतानाही आकडे देत राहणाऱ्या यंत्राचा. चाराचे तीन झाले की बरीच यंत्रं जुनी उंची धरून काम रेटतात, सगळे गेले तरी काही क्षण मागच्या वेगाने अंदाज चालू ठेवतात, आणि तो अंदाज नोंदीत बिंदू म्हणून बसतो.

म्हणून ‘सिग्नल गेला’ अशी आरोळी आली की वहीत तीन गोष्टी आधी लिहायच्या: किती वाजले, माणूस कुठे उभा होता, शेवटच्या बिंदूला किती पट्ट्या भरीव होत्या. मग सेल. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर मेनूतही तेच निवडलंय ना, हे पाहायचं, १.२ व्होल्टच्या सेलला यंत्र दीड व्होल्टचा समजलं तर ते आधीच मान टाकतं. मग मोकळी जागा, दक्षिणेकडचं आकाश, पंधरा मिनिटांची उसंत. तोवर पट्ट्या भरल्या तर बहुतेक वेळा यंत्राला काही झालेलंच नसतं. आरोळीच्या आधीचे चार-पाच नमुने मात्र संशयात येतात. पिशव्यांवर खूण करून ते बिंदू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यायचे.