८ मेच्या पताका

मे २०२०. शाळा लॉकडाऊनमुळे घरात आलेली, पण रेडिंगच्या आमच्या गल्लीत ८ मेची तयारी जोरात होती. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपून ७५ वर्षं होत होती, म्हणून सरकारने सोमवारची सुट्टी त्या शुक्रवारी नेली होती. सकाळी अकराला दोन मिनिटं स्तब्धता, दुपारी ज्याने त्याने आपल्या अंगणात चहा आणि स्कोन, रात्री नऊला राणीचं भाषण.

मुलाला शाळेने दोन कामं दिली होती. कागदी पताका करायच्या आणि एका चौकटीत लिहायचं : युद्धात तुमच्या घरच्यांनी काय केलं? पताका तासाभरात झाल्या. चौकटीसाठी साताऱ्याला आईला फोन लावला.

तिने सांगितलं त्यातलं बरंचसं मला ठाऊक होतं, पण सगळं एकापाशी एक ठेवून कधी पाहिलं नव्हतं. आजोबांचे थोरले भाऊ, अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. आम्हा पोरांना त्यांची इटली एवढीच माहीत : 'तिकडच्या शेवया दोरीएवढ्या जाड.' आणि आजोबा? ४२ साली तारा तोडल्या म्हणून येरवड्यात. एक भाऊ राजाच्या सैन्यात, दुसरा राजाच्याच तुरुंगात. पणजीला एकाची मनिऑर्डर यायची, दुसऱ्याचं कार्ड. दोन्ही एकच पोस्टमन आणायचा.

मुलाला अण्णांची बाजू लगेच आवडली. मग मी त्याला त्याच पलटणीतल्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा हा शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे पोचवलं. मग परत जाऊन मशिनगनची तीन ठाणी मोडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डोळे विस्फारून ऐकत होता.

"आणि पणजोबांना काय मिळालं?"

"काही नाही. ते तुरुंगात होते ना."

"कोणी टाकलं? जर्मनांनी?"

"नाही. इंग्रजांनी."

तो थोडा वेळ पताकांकडे बघत राहिला. "मग आपल्या बाजूचं कोण होतं?"

मी त्याला सांगितलं, लंडनमध्ये लोक रस्त्यावर नाचत होते त्या दिवशी नेहरूसुद्धा तुरुंगातच होते. त्यांची सुटका जूनमध्ये झाली. आणि हेही सांगितलं, की हिटलर हरला नसता तर फार वाईट झालं असतं. दोन्ही खरं होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं. चौकट एकच होती. त्याने अण्णांबद्दल मोठ्या अक्षरांत लिहिलं, मग उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत आजोबा कोंबले.

शुक्रवारी छान ऊन पडलं. कुंपणापलीकडच्या नव्वदीतल्या आजींनी विचारलं, "तुमच्याकडचं होतं का कोणी युद्धात?"

"हो, दोघं," मुलगा म्हणाला.

आजींनी दोघांच्या नावाने कप उंचावला. मीही उंचावला. तुरुंगातून सुटल्यावर आजोबांनी चहा कायमचा सोडला होता, हे काही मी तेव्हा बोलले नाही.