नातवाची यादी

बरेच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी फोन करून विचारलंही, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. कारण सांगितलं तर हसाल. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडत होते! वय वर्षं चौऱ्याहत्तर, मराठी माध्यमातून बी.ए., जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. अजूनही फाईल कुठे ‘सेव्ह’ झाली ते मला दर वेळी शोधावं लागतं.

झालं असं की, यांनी नातवाच्या नावाने पोस्टात ठेवलेल्या पैशांची मुदत २०२५च्या सप्टेंबरात संपली. पंचाहत्तर हजार हातात आले. हे जाऊन आता तीन वर्षं झाली. पासबुकाच्या पाकिटावर यांच्या अक्षरात एकच शब्द होता, "शिक्षणासाठी".

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. (त्याचं नाव इथे लिहायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.) पहिल्या वर्षी दोन केटी लागल्या आणि तेव्हापासून घरात बापलेकांचं संभाषण म्हणजे "जेवलास?" "हो." एवढंच. तर हा मुलगा नवरात्रात एका दुपारी माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि एक कागद पुढे केला. सुट्टीत एका दुकानात काम करून त्याने स्वतःचे पंधरा हजार साठवले होते. आजोबांचे पंचाहत्तर आणि हे पंधरा मिळून नव्वद हजारांत त्याला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचा होता. विकत आणायचा नाही, जोडायचा. मॉनिटर जुनाच चालेल म्हणाला, लॉकडाऊनमध्ये त्याच्या बाबांनी घरून काम करायला घेतलेला.

रात्री जेवताना विषय निघाला आणि चिरंजीव ताट सोडून उठले. "आई, बाबांनी ते शिक्षणासाठी ठेवलेत. गेम खेळायला नाही." खोटं काय होतं त्यात? पाकीट माझ्याच कपाटात होतं.

मी मास्तरीण. दुसरं काही सुचलं नाही तेव्हा जे आयुष्यभर वर्गात केलं तेच केलं. नातवाला म्हटलं, "प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहून आण. पटलं तर बघू." मला वाटलं होतं, लिहायचं म्हटल्यावर बाळ कंटाळेल. पठ्ठ्याने दोन दिवसांत चार पानं आणली!

आणि काय सांगू, वाचनीय होती. प्रोसेसर सगळा हिशोब करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. दोघांतला एक जरी मंद असला तरी दुसरा हात बांधून बसतो. म्हणून प्रोसेसर मध्यम, रायझन ५ ७६००, आणि शंभरातले चाळीस रुपये एकट्या ग्राफिक्स कार्डाला. मी विचारलं, "जुन्या पद्धतीचा मदरबोर्ड तर बराच स्वस्त दिसतोय, तो का नको?" तर त्याचंही उत्तर तयार. तो सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, २०१६-१७ची आहे. त्यात पुढे नवा प्रोसेसर बसणार नाही. एएम५ नावाच्या नव्या सॉकेटला कंपनीने २०२७ पर्यंत तरी साथ देऊ असं सांगितलंय. कार्डाचे दोन प्रकार होते, ८ जीबी मेमरीचं आणि १६चं. जुन्या मॉनिटरला ८चं पुरलं असतं असं मला वाटलं. तो म्हणाला, "आजी, आताच्या काही गेम्सना याच मॉनिटरवरसुद्धा आठ कमी पडतात. आणि मॉनिटर पुढेमागे बदलेन ना." वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तसं. पटलं.

सात वस्तू, बेरीज ८९,५००. बेरीज मी दोनदा तपासली, सवयच आहे. आणि तेव्हाच दोन आकड्यांवर बोट थांबलं. कॅबिनेट ७,२०० आणि एसएमपीएस १,८००.

कॅबिनेट म्हणजे सगळं ज्यात ठेवायचं ते खोकं. याच्या खोक्याला समोर काच आणि इंद्रधनुष्यासारखे रंग बदलणारे पाच पंखे. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना हवी तशी वाटून देणारा डबा. तो आत, मागे, कुणाला दिसतसुद्धा नाही. त्याच्यापुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "काम चालेल."

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. २००३ साली आमच्या शाळेत देणगीतून आठ कॉम्प्युटर आले. मुलांनी वाजतगाजत आत नेले. तिसऱ्या महिन्यात पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत होती, आणि एका दुपारी फटाक्यासारखा आवाज होऊन एका यंत्रातून धूर निघाला. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन गेले. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, सगळ्यांत हलक्यातले एसएमपीएस बसवलेले होते. ते स्वतः गेले ते गेले, जाताना मदरबोर्डही घेऊन गेले. मुलं थोडक्यात वाचली म्हणून सगळे घाबरलो आणि खोलीला कुलूप लागलं. वर्षभर. मुलं खिडकीच्या गजांतून आत बघायची. त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. पाच यंत्रं धडधाकट होती हो! पण विषय काढायचं मीही टाळलं.

असो. तर एसएमपीएसवर मी अडून बसले. मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला. प्रोसेसर जोरात चालला तर ८८ वॅट, कार्ड १६० वॅट, बाकी सगळं पन्नासेक. म्हणजे तीनशेच्या आसपास. ‘ब्राँझ’ दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षम असतो, म्हणजे तीनशे वॅट द्यायला भिंतीतून साधारण ३५३ घेणार. उरलेली उष्णता. (आमची इस्त्री हजार वॅटची आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं. रोज चार तास खेळला तरी दीड युनिटाच्या आत.) हलक्या डब्यावर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं, पण ते तो खरोखर देईलच असं नाही, आणि वीज वरखाली झाली तर वेळेवर बंद पडण्याची सोय त्यात असेल याचा भरवसा नाही. शेवटी ६५० वॅटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ४,८००चा घ्यायचा ठरला. कॅबिनेट ४,२००चं, बिनदिव्याचं. बेरीज पुन्हा ८९,५००! काही बोलला नाही, पण रंगीत पंख्यांवर काट मारताना पेन जरा जोरात टेकलं.

कारणं पटली होती. पैसे त्याच दिवशी काढून दिले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण मुलाची समजूत घालायची होती आणि मला मधला मार्ग शोधायची खोड. म्हटलं, "सेमिस्टरची परीक्षा होऊ दे. मग लगेच घेऊ." दोघांनी मान हलवली. मला वाटलं, काय छान तोडगा काढला!

परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. मी पासबुक काढलं, त्याला हाक मारली, तर तो तीच चार पानं घेऊन आला. शेवटच्या पानाच्या मागे बारीक अक्षरात तारखा होत्या. रॅमची जोडी: ५ ऑक्टोबर, ९,५००. मग ऑक्टोबर अखेर, मग नोव्हेंबर, दर आठवड्याला एक ओळ, आणि खाली १४ डिसेंबर, २८,५००.

मला आधी वाटलं, शून्याची चूक आहे.

नव्हती. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर्स उभी राहताहेत त्यांना मेमरी लागते, ती मंडळी जास्त पैसे मोजतात, म्हणून कारखाने त्यांच्याकडे वळले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला जाहीरच केलं की घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा त्यांचा ‘क्रुशल’ हा धंदा बंद करणार. एसएसडीही दोन हजारांनी महागलं होतं. ८९,५००ची यादी आता १,१०,५००ची झाली होती.

"अरे, मग सांगितलं का नाहीस? ऑक्टोबरातच घेतलं असतं!"

"तू म्हणाली होतीस ना, परीक्षा झाल्यावर."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. अगदी साधेपणाने म्हणाला. दहा आठवडे हा मुलगा दर रविवारी भाव लिहून ठेवत होता, अभ्यास करत होता, आणि घरात एक शब्द बोलला नव्हता. मी म्हटलं, वरचे पैसे मी पेन्शनमधून घालते. तर नाही म्हणाला. "नव्वदमध्येच बसवतो. नाहीतर बाबा म्हणतील, आजीला लुटलं."

मग दुसरी यादी. ही पहिलीपेक्षा अवघड, कारण पहिलीत काय घ्यायचं ते ठरवायचं होतं, हिच्यात काय सोडायचं ते. मला वाटलं होतं, कार्ड लहान करेल. त्याने उलट केलं. म्हणाला, कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, रॅमची येते. म्हणून दोन पट्ट्यांऐवजी १६ जीबीची एकच, १४,०००ला. दोन पट्ट्या असल्या की माहितीला दोन वाटा मिळतात, एकीवर वेग कमी पडतो; चालेल. एसएसडी निम्म्या आकाराचं, ५,०००. मदरबोर्ड हजाराने स्वस्त. प्रोसेसर ७६००च्या जागी १५,०००चा ७५००एफ. वेगात फार फरक नाही, मात्र त्यात स्वतःचं चित्र काढायची सोय नाही, कार्ड बिघडलं तर पडदा काळा. मी विचारलं, "आणि एसएमपीएस?" माझ्याकडे बघून हसला. "त्याला हात लावला नाही." बरोब्बर नव्वद हजार.

लॅमिंग्टन रोडला मी हट्टाने गेले. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून चालत. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथल्या एका पाटीवाल्याला विचारलं तर तो गोंधळला. १९०७ साली निघून गेलेला गव्हर्नर लोकांच्या तोंडातून काही जात नाही. दुकानदाराने मला स्टूल दिलं, नातवाची यादी वाचली आणि म्हणाला, "एसएमपीएस बरा निवडलाय. पोरं इथेच वाचवायला बघतात." मी गप्प बसले (मोठं कठीण गेलं). पक्कं बिल घेतलं, खोक्यांवरचे नंबर बिलाशी ताडून पाहिले, घासाघीस करून ३०० रुपये कमी केले आणि त्यात दादरला दोघांनी मिसळ खाल्ली. दुकानात ते काचेचं, पाच पंख्यांचं कॅबिनेट मांडून ठेवलं होतं. नातू एकदा त्याच्याकडे बघून पुढे गेला.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी. आधी अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावायचा. सॉकेटमध्ये केसाइतके बारीक १,७१८ स्पर्शबिंदू. एक वाकला तरी बोर्ड गेला. प्रोसेसर ठेवून वरचा दांडा दाबताना करकर आवाज झाला आणि माझाच जीव खालीवर. चिरंजीव सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणजे, पान काही उलटत नव्हतं. पंख्याचा एक स्क्रू घरंगळून फ्रिजखाली गेला, तेव्हा ते उठले, पट्टीने तो काढला आणि परत गेले नाहीत. मोबाईलचा टॉर्च धरून उभे राहिले. "एका बाजूने आवळू नकोस. समोरासमोरचे, कर्णात. गाडीचं चाक लावतात तसं."

"हो, माहितीये." मग थोड्या वेळाने, "थोडं इकडे धरा ना."

संध्याकाळी सहाला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. एक मिनिट गेलं, काही नाही. बोर्डवर एक बारीकसा दिवा तेवढा लागलेला. चिरंजीव म्हणाले, "बंद कर, जळेल." माझाही हात बोर्डाच्या स्विचकडे गेला होता, खरंच सांगते.

"थांबा. कोणी हात लावायचा नाही." नातवाचा एवढा मोठा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "नवी रॅम आहे. पहिल्यांदा तो तिला तपासून घेतो, काय वेगाने चालते ते. वेळ लागतो. मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून."

तिघंही उभे. तीन मिनिटं असतील, मला तासिकेएवढी वाटली. मग पडद्यावर अक्षरं आली.

निकाल अजून लागायचाय. गेम खेळतो का? खेळतो, आणि कधीकधी दीड युनिटापेक्षा जास्त! त्या रात्री कॅबिनेटचं झाकण लावायच्या आधी चिरंजीवांनी बोर्डवरच्या रिकाम्या खाचेकडे बोट दाखवून विचारलं, "इथे काय बसतं?" आणि नातू त्यांना रॅमच्या दोन वाटांचं सांगत बसला ते अकरा वाजेपर्यंत.

जानेवारीत मी पोस्टात जाऊन आवर्ती ठेव उघडली आहे, त्या दुसऱ्या पट्टीसाठी. या वेळी भाव दर रविवारी मीच लिहून ठेवते. पाकिटावर काय लिहायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही.